वीस मिलिग्रॅम का?

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

‘कॅन्सरला वीस मिलिग्रॅम? पुरा डोस का नाही देत?’ असं काल फोनवर तू विचारलंस तेव्हा आई शेजारीच होती, म्हणून विषय बदलला. आता व्हेनेटोक्लॅक्स या माझ्या नव्या औषधाबद्दल सगळं लिहितो.

माझ्या रक्तातल्या या कॅन्सरच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, काही झपाट्याने वाढत नाहीत. लसीका गाठींमध्ये नव्या होतात, पण खरी गोम अशी की जुन्या वेळेवर मरत नाहीत. निरोगी पेशी काम संपलं की स्वतःला संपवते. माझ्या पेशींत बीसीएल-२ नावाचं प्रथिन जास्त झालंय, ते हा मृत्यू अडवून धरतं. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी या प्रथिनाचं जनुक पेशींत घातलं आणि त्यांना जगवणारा घटक काढून घेतला. पेशी मरायला हव्या होत्या. त्या वाढल्या नाहीत, पण तगून राहिल्या. तोवर कॅन्सरचं जनुक म्हणजे पेशी भराभर वाढवणारं, असंच धरून चालत. रोग माझा असला तरी प्रयोग झकास, हे कबूल करायला हवं.

व्हेनेटोक्लॅक्स त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं. तिथे अडकवून ठेवलेली मारक प्रथिनं सुटतात, मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात आणि पेशी संपते. नेहमीच्या केमोला पी-५३, म्हणजे बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं जनुक, शाबूत लागतं. माझं ते जनुक सतराव्या गुणसूत्रावरून गळालंय. अमेरिकेत २०१६ साली या औषधाला पहिली मान्यता मिळाली तीही अशाच रुग्णांसाठी.

आता तुझा प्रश्न. इतक्या पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस रक्तात उतरतं, यूरिक अ‍ॅसिड चढतं. किडनी बंद पडू शकते, हृदयाचे ठोके बिघडतात. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्ण यातच दगावले. म्हणून मग पायऱ्या ठरल्या: २०, ५०, १००, २००, ४००, एकेक आठवड्याची एकेक. औषध कमजोर असतं तर एवढी भीती कशाला बाळगली असती?

सोमवारी पहिला डोस, जेवणानंतर, दहाच्या दोन गोळ्या. यूरिक अ‍ॅसिडची गोळी आधीच चालू केलीय, पाणी तर दिवसभर ढोसतोय. डोसनंतर सहा-आठ तासांनी आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी रक्त घेणार. माझी शीर सापडत नाही, लॅबमधला पोरगा बिचारा ओशाळतो. आईने परसातली कमरखं शेजारी वाटून टाकली, ती या गोळीबरोबर चालत नाहीत.

२० आणि ५० च्या पहिल्या डोसला मला दवाखान्यात ठेवणार आहेत. रजा टाकायचीच असेल तर तेव्हा टाक, पुढे नको. आईला रात्री तिथे एकटीला बसवायचं नाहीये.

तुझे
बाबा