सोबतच्या माणसाच्या झोपेचीही चौकशी करा

महोदय,

कर्करोगाच्या रुग्णाला प्रत्येक तपासणीत भूक, वजन, दुखणे, झोप असे सगळे विचारतात. शेजारी फाइल धरून उभ्या असलेल्या माणसाला मात्र 'तुम्हाला झोप लागते का?' असे कोणी विचारत नाही.

माझ्या यजमानांचे तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. नाकातल्या नळीतून पातळ आहार मीच देते. सिरिंजने सावकाश सोडायचा, शेवटी पाणी घालून नळी साफ करायची, नंतर अर्धा तास त्यांना टेकून बसवायचे. घाई केली तर ठसका लागतो. रात्री ते झोपले तरी माझे कान त्यांच्या खोकल्याकडेच असत. स्कॅनचा रिपोर्ट यायचा असला की छातीत धडधड सुरू होई आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे.

एका समुपदेशक ताईंनी मला श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवले. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. आत येताना नाकपुडीला गार लागतो, बाहेर जाताना कोमट, तेवढेच जाणवू द्यायचे. 'रिपोर्टमध्ये काय निघेल?' हा विचार येणारच. त्याच्याशी भांडायचे नाही, पुन्हा श्वासावर यायचे. काळजी गेलेली नाही. पण मध्यरात्री त्यांच्यासाठी उठले तरी आता परत झोप लागते. माझ्यासाठी हे फार मोठे आहे.

इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचे ध्यान, शिकवतात, ते आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात याच धर्तीचा अभ्यासक्रम सुरू केला, तो आता आठ आठवड्यांचा असतो. पण दहा दिवसांचे शिबिर काय किंवा आठ आठवडे काय, आमच्यासारख्यांनी जायचे कसे? नळीचे कोण बघणार?

म्हणून माझी विनंती आहे की जिथे आम्ही तासन्‌तास बसून असतो, तिथेच हे शिकवावे. केमोचे सलाइन चालू असते तेव्हा नातेवाईक बाहेर बाकावरच असतात. त्यांच्यासाठी वीस मिनिटे काढता येतील. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी गावोगावचे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात, तिथे संध्याकाळी अर्धा तास ठेवता येईल. बोलणे मराठीत हवे, हिंदीतही हवे, आणि मांडी घालून बसण्याची सक्ती नको.

नातेवाइकांनाही सांगणे आहे. ध्यानाने जागरणाची भरपाई होत नाही. शहाळी घेऊन भेटायला येता, त्यापेक्षा एक रात्र रुग्णाजवळ थांबा आणि त्या घरच्या बाईला दुसऱ्या खोलीत झोपू द्या. माझे धाकटे दीर असे येऊन राहतात, त्याचे मोल मला शब्दांत सांगता येणार नाही.

एवढे करूनही काहींची घालमेल थांबत नाही. त्यांच्यासाठी सरकारची 'टेली-मानस' ही मनाच्या त्रासासाठी फोनवरची मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. रुग्णालयांनी तो रुग्णाच्या फाइलवरच ठळक छापावा.

– एक वाचक भगिनी, कराड