भोपळीचं नाव विचारणाऱ्या स्टुडिओवाल्या काकांना

काका, दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा घसा दाटून आला, म्हणून लिहितेय.

२०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं तेव्हा आमचा अल्बम खालच्या कप्प्यात होता. फोटो एकमेकांना चिकटून नुसती वडी झाली. ती वडी घेऊन किती दुकानं फिरले! एकाने हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्याने कोरडेच ओढले, त्यात आजीचा चेहरा गेला तो गेलाच, वर पैसे घेतले. तिसरा म्हणाला, मॅडम फोटोतलं डुक्कर काढून टाकतो, मागे मस्त गार्डन टाकतो. रिक्षात बसून रडले मी त्या दिवशी.

तुम्ही ते पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवलेत आणि घाई केली नाहीत. एकेक सुटत गेला आणि तो फोटो वर आला, अ‍ॅग्फा क्लिक कॅमेऱ्यावरचा चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट, वाडीत बाबा उभे, आई उकिडवी बसलेली, पुढ्यात डुकरीण आणि नऊ पिल्लं. तुम्ही विचारलंत, हिचं नाव काय? मी आईचं नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, आईचं लिहितोच, डुकरिणीचं विचारतोय.

भोपळी. कितीतरी वर्षांनी ते नाव माझ्या तोंडातून निघालं.

मग मी बोलतच सुटले, बाबा कॅलेंडरवर खूण करायचे, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस, आणि ती बहुतेक वेळा त्याच्या आसपासच व्यायची. आई केळीचा खांब कोयत्याने बारीक करून कोंड्यात आणि पेजेत कालवायची. डुकराला घाम येत नाही म्हणून उन्हाळ्यात ती बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला चिखलात पडून राहायची आणि लोक म्हणायचे घाण जनावर. पिल्लांचं तर प्रत्येकाचं आचळ ठरलेलं, दुसरं कोणी आलं की नुसती किंकाळी. आमच्या फिया त्या पिल्लांवर भरल्या गेल्यात काका, आणि शाळेत मला डुकरांची पोरगी म्हणायचे तेव्हा मी घरी येऊन तिच्यावरच चिडायचे. नाताळला डुकराच्या मटणाचं इंद्याल व्हायचं, आई सगळ्यांना वाढायची, स्वतः मात्र भाजी घ्यायची. हे मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तुम्ही त्याला खुर्ची दिलीत पण मला थांबवलं नाहीत. कौशल्य असणारे खूप भेटतात हो, समोरच्याच्या वस्तूला त्याच्याइतकंच जपणारा माणूस मिळाला की आपल्यालाच ताठ उभं राहावंसं वाटतं.

फोटोच्या मागे तुम्ही पेन्सिलीने लिहिलंत, "आई, बाबा, भोपळी आणि तिची नऊ पिल्लं." आईला आता नीट दिसत नाही, मी वाचून दाखवलं. तिने फोटो हातात धरून ठेवला आणि म्हणाली, परत वाच.