आई, वरण थोडं घट्ट कर

लीड्स, 22 मे 2021

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा कोविडमधून उठून हॉस्पिटलमधून घरी आले, आता त्यांच्या खाण्यापिण्याचं काय ते सविस्तर लिहितेय. फोनवर ग्रॅम आणि वाट्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून हे पत्र. फ्रिजवर चिकटवून ठेव.

सगळ्यात आधी बाबांची साखर. त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी घेतलेल्या गोळीने साखर दुपारनंतर चढते, रात्रीतून उतरते. त्यामुळे नुसती उपाशीपोटी तपासली तर 'छान आहे' असं वाटेल आणि फसगत होईल. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधीही तपास आणि वहीत लिही. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराच्या, ज्या बातम्या तिकडे चालल्यात, त्यात वाढलेली साखर आणि स्टेरॉइड हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते. 'ताकद यावी' म्हणून मोसंबीचा रस, खजूर, डिंकाचे लाडू, मधाचं पाणी हे सगळं आत्ता बंद. आंबा खायचाच असेल तर जेवणानंतर नको, मधल्या वेळेला अर्धा, फोडी करून. आमरस नको, एका वाटीत दोन आंबे कधी जातात कळत नाही. आणि स्टेरॉइड कमी होऊ लागलं की साखरही उतरते, तेव्हा मधुमेहाचा डोस तोच राहिला तर घाम, थरथर, चक्कर असं होऊ शकतं. डोस कमी करायचा का, हे त्या वेळी डॉक्टरांना विचारायचंच.

आता खरा मुद्दा. प्रतिकारशक्तीसाठी तू रोज काढा करतेस, हळद घालतेस, ते ठीक. पण शरीरातल्या लढणाऱ्या पेशी आणि प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनतात प्रथिनांपासून, आणि आपल्या ताटात तीच कमी पडतात. आजीचंच बघ. वजन 48 किलो. या वयात किलोमागे रोज साधारण 1 ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे 48 ग्रॅम. तिचं रोजचं खाणं मोजू: चहा-बिस्किटं 2, एक भाकरी 5, भाजी 2, पातळ वरणाची वाटी 4, रात्री ताक-भात 4, झोपताना कपभर दूध 5. झाले 22. निम्मेसुद्धा नाहीत, आणि पोट मात्र भरलेलं.

यात नवीन काही शिकायला नको. वरणात पाणी कमी कर. माणशी 40 ग्रॅम कोरडी डाळ धर, त्यात 9 ग्रॅम मिळतात. आपल्याकडे एवढ्या डाळीत दोघांचं वरण होतं, तिथेच गणित चुकतं. रात्री ताक-भाताऐवजी पिठलं: 40 ग्रॅम बेसनात 8 ग्रॅम, आणि घसा दुखत असला तरी गिळायला मऊ. शेंगदाण्याचं कूट दिवसभरात 30 ग्रॅम, कोशिंबिरीत, भाजीत, 7 ग्रॅम. सुरकुतलेले, काळे पडलेले दाणे मात्र निवडून टाक, बुरशीचं विष भाजून जात नाही. अर्धा लिटर दुधाचं दही फडक्यात चार तास टांगून चक्का कर, साखर न घालता जिरेपूड आणि मीठ लावून दोनदा दे, साधारण 12 ग्रॅम. भाकरी, भाजी आणि दूध आहेच. बेरीज करून बघ, 48 होतात. नाश्त्याला मुगाचं धिरडं दिलंस तर आणखी पाच सहज येतील. बाबांना यावर दोन उकडलेली अंडी, 12 ग्रॅम. मागच्या वर्षी कोंबडी-अंड्यांतून कोविड होतो अशा ज्या अफवा उठल्या त्यांत काहीच तथ्य नव्हतं. पूर्ण शिजवलं की झालं. (शेजारच्या काकांना हे जसंच्या तसं सांगू नकोस. त्यांना किडनीचा त्रास आहे, प्रथिनं किती ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.)

एकादशीला आजी ऐकणार नाही, माहीत आहे. पण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्या दिवशी राजगिऱ्याचं थालीपीठ, दाण्याची आमटी आणि दही दे. उपासही मोडत नाही.

मटकी भिजव आठ तास, मग फडक्यात बांध. मे महिन्यात आठ-दहा तासांत मोड येतात. त्यापुढे ठेवलीस तर चिकट होते, वास मारते, ती टाकूनच द्यायची. आजारातून उठलेल्या माणसाला आणि आजीला कच्चे मोड नकोत, त्या उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. दहा मिनिटं वाफवून घे.

लिंबू वरणात शिजवू नकोस, पातेलं खाली उतरवून ताटात पिळ. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने जातं आणि पाण्यात विरघळतं. म्हणून पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून भिजत ठेवली की सत्त्व पाण्याबरोबर मोरीत. आणि भाज्या साबणाने किंवा सॅनिटायझरने धुणं कृपा करून थांबव, ते पोटात जातं. वाहतं पाणी पुरे. दिवसाला 65 ते 80 मिलिग्रॅम 'क' लागतं. लिंबू, कच्च्या कोबीची कोशिंबीर, कोथिंबीर, जरा परतलेली ढोबळी मिरची यांतून तेवढं होतं.

गोळ्यांचं: डॉक्टरांनी झिंक जितके दिवस लिहिलं तितकेच दिवस. 50 मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने घेतली तर शरीरातलं तांबं घटतं, त्यातून रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात. 'ड' जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी साधारणतः आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतल्याने कॅल्शियम वाढून किडनीवर येतं. इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रोज 400 युनिट घ्या म्हणतात, तेही हाडं आणि स्नायूंसाठी. कोविड टळावा म्हणून घ्या, असं नाही. सांगलीत ऊन आहे. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा हात-पाय उघडे ठेवून पंधरा मिनिटं बसा. बंद काचेआडचं ऊन याला कामाचं नाही.

काढा दिवसातून एकदा, फार तर दोनदा. आयुष मंत्रालयाचं प्रमाण चार भाग तुळस, दोन दालचिनी, दोन सुंठ, एक मिरी असं आहे. माणशी 3 ग्रॅम भुकटी, दीडशे मिली पाण्याला. चार-पाच वेळा पाजलास म्हणून तर बाबांना जळजळ सुरू झाली. ज्येष्ठमध काढून टाक, त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. हळदीच्या दुधात खरं पोषण आहे ते दुधाचं.

बाबांना चव-वास नाही, म्हणून ते वरून मीठ घेत असतील. त्याऐवजी कैरीची आंबट चटणी, पुदिना, थंडगार ताक, भाजलेला पापड असं काही दे. आंबट, तिखट, थंड, कुरकुरीत हे वास नसला तरी जाणवतं. पोटभर दोनदा वाढण्यापेक्षा थोडं थोडं पाच-सहा वेळा. आणि शिळं-आंबलेलं त्यांना कळणार नाही, तू आधी वास घेऊन बघ. गॅसही तूच तपासत जा.

दर रविवारी सकाळी चहाआधी दोघांचं वजन कर आणि साखरेच्या वहीचा फोटो पाठव. महिन्याभरात बाबांचं दोन किलोहून जास्त उतरलं तर लगेच फोन कर, रात्र असली तरी.

आजीला साष्टांग नमस्कार. तू स्वतः सगळ्यांच्या शेवटी जेवतेस आणि उरलेलं पातळ वरण घेतेस. तुझी 40 ग्रॅम डाळही त्याच पातेल्यात धर.

तुझी लेक