सेकंद ‘दुसरा’ का, हे मुलांना सांगा

महोदय,

मी हायस्कूलमध्ये गणित आणि भूगोल शिकवत असे. अक्षांश-रेखांशांचा धडा आला की वर्गातून प्रश्न यायचाच : ‘बाई, मिनिट आणि सेकंद तर घड्याळातले. ते अंशांमध्ये कसे आले?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही आणि मुले ‘साठ सेकंद म्हणजे एक मिनिट’ एवढे पाठ करून पुढे जातात, याची मला खंत वाटते. म्हणून हे पत्र.

घड्याळाला मिनिटकाटा येण्याच्या कितीतरी आधी वर्तुळाचे हे बारीक भाग पडले होते. साठाच्या पटीत मोजण्याची रीत बॅबिलोनची. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने ग्रहगणितासाठी ती वापरली : अंशाचे साठ भाग, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा साठ. लॅटिनमध्ये पहिल्या वाटणीतल्या भागाला ‘पार्स मिनुटा प्रिमा’ म्हणजे पहिला बारीक भाग म्हणू लागले आणि दुसऱ्या वाटणीतल्या भागाला ‘पार्स मिनुटा सेकुंदा’, दुसरा बारीक भाग. एवढी लांब नावे तोंडात टिकत नाहीत. पहिल्यातला ‘मिनुटा’ राहिला, दुसऱ्यातला ‘सेकुंदा’. तासाचीही वाटणी तशीच झाली. वाटणी तिथेच थांबली नव्हती. १२६७ साली इंग्रज विद्वान रॉजर बेकनने पौर्णिमेच्या वेळा मांडताना सेकंदाच्या पुढचे ‘तिसरे’ आणि ‘चौथे’ भागही दिले आहेत. अंशाच्या मिनिटावर आपण एक तिरकी रेघ मारतो आणि सेकंदावर दोन, ती खूण याच पहिल्या-दुसऱ्याची.

मराठीत मात्र आपण एकाच शब्दाची दोन रूपे केली. वेळेचा तो ‘सेकंद’, द घालून. आणि डबा, गाडी किंवा शो यांचा तो ‘सेकंड’, ड घालून. ‘सेकंड हँड’ म्हणणाऱ्या मुलाला घड्याळातला सेकंद तोच आहे अशी शंकासुद्धा येत नाही.

या शब्दाची मुळेही सांगण्यासारखी आहेत. जुन्या इंग्रजीत ‘दुसरा’साठी ‘अदर’चेच जुने रूप वापरत. आपला ‘दुसरा’ आजही ती दोन्ही कामे करतो : दुसरा नंबर आणि दुसरा कोणीतरी. इंग्रजीत यामुळे घोटाळा होत असावा, कारण तेराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी फ्रेंचमधून ‘सेकंड’ घेतला. पहिला, तिसरा ते दहावा हे सगळे शब्द त्यांचे घरचे. हा एकच बाहेरचा. लॅटिन ‘सेकुंदुस’चा अर्थ मागोमाग येणारा. गलबताच्या मागून वाहणारा वारा पुढे ढकलतो, म्हणून त्याच शब्दाला अनुकूल असाही अर्थ आला. सभेत ठराव ‘सेकंड’ करणारा म्हणजे आपला अनुमोदक, तोही याच घरातला. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट : ज्या धातूपासून ‘सेकुंदुस’ आला, त्याचा संस्कृत भाऊबंद ‘सच्’, म्हणजे सोबत असणे, मागे जाणे. त्यावरून ‘सचिव’. मंत्रालयातल्या सचिवाचे आणि घड्याळातल्या सेकंदाचे हे नाते ऐकून आठवीच्या वर्गातला शेवटचा बाकसुद्धा मान वर करतो, हे मी पाहिले आहे.

आपल्या पंचांगातही साठाचीच वाटणी आहे. दिवसाच्या साठ घटी, घटीची साठ पळे, पळाची साठ विपळे. वर्तुळात अंश, कला, विकला. चोवीस सेकंदांचे एक पळ हे गणित पाचवीच्या मुलाला सहज येते. विकला म्हणजे कोनाचा सेकंद. जमिनीवर अक्षांशाचा एक सेकंद सुमारे ३१ मीटर भरतो, शाळेच्या पटांगणात पावलांनी मोजता येईल एवढा.

पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्यांनी कालमापनाच्या आणि अक्षांशांच्या धड्यात एकेक चौकट द्यावी, ही विनंती. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर ठरते, हे वरच्या वर्गांत शिकवताना त्याचे नाव ‘दुसरा’ का, हेही दोन ओळींत सांगता येईल. तोवर आपल्या वृत्तपत्राने विद्यार्थ्यांच्या पानावर हा विषय घ्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा