तू मुलगा म्हणून बस

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय पक्या,

तुझं पत्र मिळालं. "रूमवर तिघं राहतो आणि तिघांच्याही कानात हेडफोन" हे वाचून पोटात तुटलं रे. पुण्यात जाऊन चार महिने झाले आणि अजून एकाही माणसाकडे तू जेवायला गेलेला नाहीस, हे मिरजेतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. शेवटी तू विचारलंस की मी इकडे कसा रुळलो, आणि पांढरे शर्ट घालून रांगेत उभी असलेली ती लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकेतल्या घरांतली) पोरं कोण, त्यांच्यात तू काय करतोस. फोनवर मी दोनदा टाळलं. आज रविवार असून पाळी नाही, आई-बाबा आत्याकडे गेलेत. सविस्तर लिहितो.

आम्ही कसे आलो ते तुला माहीत आहे. आत्याने आम्हाला इकडे बोलावण्याचा अर्ज भरला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, आणि तो लागला सोळा वर्षांनी. पतसंस्थेत बावीस वर्षं टेबलावर बसलेले बाबा इथे टर्नपाइक महामार्गाच्या कडेच्या गोदामात खोकी उचलायला लागले. आई ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात डाळी-मसाल्यांची पाकिटं भरते. मी आठवडाभर कॉलेज करायचो आणि शनिवार-रविवार बाबांच्याच गोदामात जायचो. त्या गोदामाची भाषा स्पॅनिश. पहिल्या आठवड्यात मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मग एका शुक्रवारी शेजारचा माणूस मुकादमाला काहीतरी विचारत होता आणि त्यात "पगार" हा शब्द आला. मी हातातलं खोकं तसंच धरून उभा राहिलो. तिकडे "पागार" म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. आपल्याकडे तो पोर्तुगीजांकडून आला आणि इतका मुरला की आपलाच वाटतो. त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागलो. कमीजला "कामिसा", मेजाला "मेसा". बटाट्याचं तर विचारूच नको, डॉमिनिकन लोक "बाताता" म्हणतात ते रताळ्याला!

पण कॉलेजात मी एकटाच होतो. भारतीय विद्यार्थ्यांची संघटना होती, दोनदा गेलो. वाईट कुणीच नव्हतं, प्रेमाने बोलावलं. पण त्यातली बहुतेक मुलं इथेच जन्मलेली, घरात दोन गाड्या, आईवडील मोठ्या कंपन्यांत. नाचाचा सराव रात्री नऊला सुरू व्हायचा आणि मला साडेनऊची शेवटची बस पकडावी लागायची. "सुट्टीत कुठे जाणार?" असं कुणी विचारलं की माझ्याकडे उत्तर नसायचं. माझ्या घरात काय चाललंय हे मी त्यांना मराठीतून सांगितलं असतं तरी ते त्यांना परकंच वाटलं असतं.

आता ती गोष्ट सांगतो जी मी कुणालाच नीट सांगितलेली नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मी शिष्यवृत्तीच्या कार्यालयासमोर रांगेत उभा होतो. हातात निळी फाइल, तिच्यात बाबांचे कराचे कागद, ग्रीन कार्डाच्या झेरॉक्स, बँकेची पत्रं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लावलेलं. माझ्या पुढे एक मुलगा होता. त्याच्या हातातही तशीच फाइल, फक्त हिरवी, आणि तिच्या कडा वापरून वापरून पांढऱ्या पडलेल्या. त्याने मागे वळून माझ्या फाइलकडे पाहिलं आणि विचारलं, "घरचे कागद तूच भरतोस?"

"हो."

"कधीपासून?"

"इथे आल्यापासून. दीड वर्ष."

"मी चौथीत असल्यापासून," तो म्हणाला.

बस, एवढंच. पण पक्या, या देशात दीड वर्ष काढल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला ओळखलं असं वाटलं. बँकेत, दवाखान्यात, शाळेत, वीज कंपनीच्या फोनवर आईवडिलांच्या वतीने बोलणारी पोरं वेगळी ओळखू येतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तो मूळचा पेरू देशातला, पॅटरसन गावी वाढलेला. त्या गावात पेरूची इतकी माणसं आहेत की एका भागाला लोक लिटिल लिमाच म्हणतात. मी त्याला सांगितलं की तुझ्या देशाच्या नावाचं एक फळ आमच्याकडे गाड्यावर मीठ-तिखट लावून विकतात. तो इतका खूश झाला की त्याने ते फळ फोनवर शोधून आईला फोटो पाठवला.

त्याने मला त्याच्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या पोरांच्या भाऊबंदांसारख्या संघटनेच्या, बैठकीला बोलावलं. मी म्हटलं, मी लॅटिनो नाही. तो म्हणाला, अट तशी नाहीच. लॅम्बडा थीटा फाय हे तिचं नाव, ग्रीक अक्षरांवरून. आमच्याच राज्यात, युनियन गावच्या केन कॉलेजात १ डिसेंबर १९७५ ला सुरू झालेली. सुरू केली लॅटिनो पोरांनी आणि लॅटिनो पोरांसाठीच, पण दार सगळ्यांना उघडं.

घरी सांगितलं तर आईचा चेहरा उतरला. तिने सिनेमात पाहिलेली फ्रॅटर्निटी म्हणजे मोठं घर, दारूची पिंपं आणि नव्या पोरांचे हाल. तूही तेच विचारलंस, रॅगिंग होतं का म्हणून. तुझ्या कॉलेजात प्रवेशाच्या वेळी तुझ्याकडून शपथपत्र लिहून घेतलं होतं ना, तसं इथेही सही करावी लागते. पेनसिल्वेनियात २०१७ साली एका फ्रॅटर्निटीच्या घरात दारू पाजून झालेल्या प्रकारात टिमथी पिआझा नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. तो न्यू जर्सीचाच. त्याच्या नावाने इथे २०२१ साली कायदा कडक केला. भीती खोटी नाही, आणि जिथे असं होतं तिथे मी एक तासही थांबलो नसतो. आमच्याकडे तर मोठं घरच नाही. बैठका वर्गात, फळा पुसून. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तालीम मंडळच की हे. वर्गणी किती?"

बाबांचं बरोबर होतं. नव्यांना एकत्र शिकवतात, त्या तुकडीला लाइन म्हणतात. आम्ही पाच जण होतो. एक पेरूचा (तोच), एक एल साल्वादोरचा, दोन डॉमिनिकन आणि मी. आतल्या गोष्टी सांगायच्या नाहीत असा शब्द दिलाय, तेव्हा त्या तुलाही सांगणार नाही. पण इतिहास पाठ करावा लागतो तो सांगू शकतो. १८९८ साली न्यूयॉर्कमधल्या ट्रॉय गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या पोरांनी पहिली संघटना काढली. त्या मुळातून १९३१ मध्ये फाय आयोटा अल्फा उभी राहिली. आणि रांगेत तालावर पावलं टाकायची जी पद्धत सगळे वापरतात ती कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनांकडून आलेली. त्यातली सगळ्यांत जुनी १९०६ ची, कॉर्नेलमधली. हे उपकार म्हणून पाठ करायचं असतं, आणि ते मला फार आवडलं.

ती पावलं बसवताना मी सगळ्यांत लवकर शिकलो, का ते तुला सांगायला नको. सात वर्षं आपण लेझीम खेळलो. पुढच्याच्या खांद्याकडे बघायचं, पायाकडे नाही, हे मला आधीच येत होतं. बाकीच्या चौघांना मीच शिकवलं. ब्रीदवाक्य ऐकलं तेव्हा तर अंगावर काटा आला: "एन ला उनियोन एस्ता ला फुएर्सा". मी लगेच वहीत खाली लिहिलं, एकी हेच बळ. तिसरीच्या वर्गाबाहेर भिंतीवर रंगवलेलं होतं बघ, आणि त्यातला ळ पावसाने गेला होता.

तो पांढरा शर्ट म्हणजे ग्वायाबेरा. चार खिसे, आणि पुढून-मागून बारीक चुण्यांचे उभे पट्टे. पहिल्यांदा घालायचा होता त्या सकाळी आईने इस्त्री करायला घेतला. एकेक चुणी इस्त्रीच्या टोकाने दाबत, कुठे दुमडली तर पाण्याचा हात लावून पुन्हा सरळ करत, तिने अर्धा तास घालवला. मग तो माझ्या अंगावर धरून म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या सदऱ्यासारखा दिसतोय." त्यानंतर ती कधी काळजीचं बोलली नाही.

त्या वर्षी गणितात मी नापास झालो. लपवायचं ठरवलं होतं. पण आमच्यात प्रत्येकाचे मार्क सगळ्यांसमोर मांडावे लागतात, त्यामुळे लपलं नाही. पुढचं सगळं सत्र दोघं जण आळीपाळीने मंगळवारी माझ्याबरोबर वाचनालयात बसले. पास झालो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

या फेब्रुवारीत बाबांच्या छातीत दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली एवढंच तुला कळवलं होतं. त्या रात्रीचं लिहिलं नव्हतं. मी रुग्णवाहिकेत बाबांबरोबर गेलो आणि आई घरीच अडकली, तिला गाडी येत नाही. मी लाइनच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. वीस मिनिटांत साल्वादोरचा भाऊ (लाइनमधले आम्ही एकमेकांना भाऊच म्हणतो) तिला घेऊन हजर. बाहेर बर्फ पडत होता. आईच्या हातात डबा होता, निघता निघता तिने भात भरून घेतला होता.

पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याशी बोलायला लागले. हृदय पस्तीस टक्केच काम करतंय, पुढचे काही दिवस जपावं लागेल. मी आईकडे वळून म्हणालो, "थोडं कमजोर झालंय म्हणतायत, होईल नीट." डॉक्टर तीन मिनिटं बोलले होते आणि मी एका ओळीत संपवलं होतं. आई माझ्याकडे बघत राहिली.

भावाला मराठीचं अक्षर कळत नाही. पण त्याला सगळं कळलं. त्याने मला बाजूला घेतलं. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्या आजीच्या कॅन्सरचं त्याच्या आईला त्यानेच सांगितलं होतं, त्यालाही सगळं सांगवलं नव्हतं, आणि ते त्याच्या अजून उरात आहे. तो म्हणाला, "दुभाषा माग. हॉस्पिटलला तो द्यावाच लागतो, फुकट, तसा कायदा आहे. तू मुलगा म्हणून बस."

मी मागितला. मला वाटलं होतं नाही म्हणतील, निदान मराठी नाही म्हणतील. नर्सने स्पीकरचा फोन आणून टेबलावर ठेवला आणि पलीकडून एक बाई म्हणाल्या, "नमस्कार ताई, मी ऐकतेय, बोला." बोलणं वऱ्हाडाकडचं वाटलं. आईने पदर खांद्यावर घेतला, फोनच्या जवळ सरकली आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझ्यापासून काही लपवू नका." मग तिने एकामागून एक प्रश्न विचारले. जिना चढतील का? आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. मीठ किती? रात्री घाम आला तर कुणाला फोन करायचा? इतके नेमके प्रश्न तिच्या मनात होते आणि तीन वर्षं मी तिला एकही विचारू दिला नव्हता. पस्तीस टक्के तिने ऐकलं. रडली नाही. मी आत जाऊन बाबांच्या पायाशी बसलो आणि त्यांचे पाय दाबत राहिलो. पाय थंड होते. किती तरी दिवसांनी मला काहीच सांगायचं नव्हतं, समजवायचं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस आईला हॉस्पिटलात नेण्याआणण्याच्या पाळ्या त्या पोरांनी लावून घेतल्या. तक्ता केला होता, माझं नाव त्यात नव्हतं. बाबा आता बरे आहेत, हलक्या कामावर जातात.

पक्या, आपल्या घरात मागणं म्हणजे कमीपणा. मीही तसाच वाढलो. इथे मी मागायला शिकलो, आणि माझ्यात काही बदललं असेल तर ते हेच. दुभाषा मागतो, मुदत मागतो, मदत मागतो. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही पर्थ अँबॉय गावातल्या एका वाचनालयात बसतो. बारावीची पोरं सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला येतात, हातात तशाच फायली घेऊन. ज्यांच्याकडे इथे राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत त्यांना केंद्राचा अर्ज चालत नाही, पण या राज्याने २०१८ पासून त्यांच्यासाठी वेगळा अर्ज ठेवलाय, तो काढून देतो. गेल्या गुरुवारी एक मुलगी आईला घेऊन आली होती. आईसाठी प्रत्येक ओळ ती हळू आवाजात स्पॅनिशमध्ये सांगत होती. मी म्हटलं, आईशी हे बोलतील, तू तुझा निबंध लिही. तिने पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

आता कामाचं. २० डिसेंबरला मी मिरजेला यायला निघतोय, आणि माझ्याबरोबर पेरूचा भाऊ येतोय. त्याचं तिकीट झालंय. काकूंना सांग, वरची खोली आम्हा दोघांना लागेल, आणि तो तिखट खातो, काळजी नको. त्याला बाजारात गाड्यासमोर उभं राहून मीठ-तिखट लावलेला पेरू खायचाय आणि आईला तिथून व्हिडिओ कॉल करायचाय. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसने येऊ. गाडी पुण्याला मध्यरात्रीनंतर लागते. तू तिथे चढ. तिघांची तिकिटं मी एकत्रच काढतो, तुझं वय आणि आधारवरचं नाव जसंच्या तसं कळव. आणि तुझ्या रूमवरच्या त्या दोघांपैकी कुणाला यायचं असेल तर उद्याच विचार, बर्थ संपायच्या आत.

तुझा,
बाळ्या