अपडेट आलं आणि सोसायटीची नोटीस 'नोनेम' झाली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा मानद सचिव आहे, मानद म्हणजे पगार शून्य आणि बोलणी भरपूर. पत्रव्यवहार एवढा असतो की गेल्या वर्षी मी एक एआय असिस्टंट ईमेलला जोडून घेतला, फुकटातला नाही, दरमहा पैसे भरून. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. आणि खरं सांगायचं तर काम झकास करायचा. "लिफ्टवाल्याच्या मेलला रिप्लाय लिही, वार्षिक देखभाल कराराचा (एएमसीचा) दर मान्य आहे पण ग्रीसिंगचा खर्च त्यातच धरा म्हणावं" एवढं मराठीत बोललं की त्याच मेलखाली मजकूर तयार, मी वाचायचो, एखादा शब्द बदलायचो आणि सेंड.

ऑगस्टमध्ये त्याचं अपडेट आलं. 'आता आणखी स्मार्ट' वगैरे लिहिलेला चौकोन आला, मी ओके केलं, सगळेच करतात. त्यानंतर चार दिवसांनी लिफ्टवाल्याचा फोन, "साहेब, हे कुठल्या कोटेशनबद्दल लिहिलंय तुम्ही?" मला वाटलं माणूस बिल वाढवायच्या तयारीत आहे, म्हणून मी जरा चढ्या आवाजातच बोललो. नंतर बघतो तर रिप्लाय जुन्या मेलखाली गेलाच नव्हता, नवीन कोरा मेल म्हणून गेला होता, ना मागचा दर, ना मागच्या अटी. त्याच्याकडे अशा पन्नास सोसायट्या, तो तरी काय ओळखणार. नंतर माफी मागितली मी.

पण खरा घोळ पुढे झाला. आमची वार्षिक सर्वसाधारण सभा. वाचकांपैकी जे कमिटीत असतील त्यांना माहीत आहे, ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. गणपती बसल्यावर दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, मी असिस्टंटला सांगितलं की १४ सप्टेंबरच्या सभेची नोटीस सगळ्यांना पाठव. फाइलचं नाव 'वार्षिक सभा सूचना', पीडीएफ. उत्तर आलं, 'सर्व ८४ सभासदांना सूचना जोडून पाठवली आहे.' मी निर्धास्त, आरतीला गेलो. अर्धी सोसायटी तशीही कोकणात. अनंत चतुर्दशी झाली, लोक परत आले, आणि तीनशे दोनमधल्या काकू जिन्यात भेटल्या तर म्हणतात, "अहो, तुमच्या मेलमधून काहीतरी व्हायरस आला होता, मी डिलीट केला हं." व्हायरस कसला, आमचीच नोटीस होती ती, पण फाइलचं नाव उडून तिथे 'नोनेम' आलेलं आणि नावाच्या शेवटी असतं ते '.पीडीएफ'ही गेलेलं, त्यामुळे मोबाइलवर ती उघडेचना. एका सभासदाने तर लेखी दिलं की मला नोटीस मिळालेली नाही. आणि तो चूक नव्हता. शेवटी सभा २८ तारखेला ढकलली, नोटिशीच्या झेरॉक्स काढल्या आणि वॉचमनला रजिस्टर देऊन घरोघरी सह्या घेतल्या, म्हणजे माझ्या आधीचे सचिव जे २००५ साली करायचे तेच.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तो म्हणाला, "मामा, याला रिग्रेशन म्हणतात, जे चांगलं चालत होतं ते नवीन बदलाने मोडणं." मग त्याने फोनवरूनच मला एक गोष्ट करायला लावली ती इथे सांगतो कारण कुणालाही करता येईल. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये आपण पाठवलेला मेल उघडायचा, उजवीकडच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' असतं ते दाबायचं. मेलचा आतला सगळा मजकूर दिसतो. मी मार्चमधला एक रिप्लाय आणि सप्टेंबरमधला एक रिप्लाय शेजारी शेजारी ठेवले. मार्चच्या मेलमध्ये 'इन-रिप्लाय-टू' आणि 'रेफरन्सेस' अशा दोन ओळी होत्या, त्यात आधीच्या मेलचा नंबर. सप्टेंबरच्या मेलमध्ये दोन्ही ओळी गायब. विषयात 'रि:' लिहिलेलं होतं, पण नुसतं 'रि:' लिहून मेल जुन्याला चिकटत नाही, या ओळी लागतात. हे काही नवं तंत्रज्ञान नाही, या ओळी १९८२ च्या ईमेलच्या नियमांत आहेत. फाइलच्या नावात इंग्रजीबाहेरची अक्षरं कशी लिहायची तेसुद्धा १९९७ साली ठरलंय. नोटीस त्याच दिवशी इंग्रजी नावाने मी मला स्वतःला पाठवून बघितली, व्यवस्थित गेली. म्हणजे अपडेट सोडताना इंग्रजी नावाची फाइल पाठवून बघितली असेल, देवनागरी नावाची कुणी बघितली नसावी, भाच्याचाही अंदाज तोच.

मला जास्त राग कशाचा आला सांगू, मोडण्याचा नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या अपडेटने जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, आपल्याकडेही. पण तिथे स्क्रीन निळे झाले, जगाला कळलं. इथे आमचा असिस्टंट गोड आवाजात सांगतो 'त्याच मेलला उत्तर पाठवलं आहे', आणि ते खोटं असतं. जुन्या सॉफ्टवेअरला जमलं नाही तर लाल अक्षरात एरर तरी यायचा. आणखी एक, अपडेटच्या आधी तो ड्राफ्ट दाखवून विचारायचा, आता परस्पर पाठवतो, आणि ही सेटिंग बदलल्याचं कुठेही सांगितलं नव्हतं.

कंपनीला लिहिलं. उत्तर द्यायलाही एआयच. म्हणे कनेक्शन काढून पुन्हा जोडा. तीनदा जोडलं, तीनही वेळा तुमचे सगळे मेल वाचायची, पाठवायची, डिलीट करायची परवानगी द्या असा पडदा आला आणि मी देत गेलो, आता विचार केला की धस्स होतं. तक्रारीसमोर पाचव्या दिवशी 'निवारण झाले' असं आलं. फाइल अजून नोनेमच जाते, हे पत्र लिहायच्या आधी पुन्हा करून बघितलं.

अपडेटमध्ये काय बदललं ते मराठीत चार ओळींत लिहा, महिनाभर जुन्या व्हर्जनवर परत जायची सोय ठेवा, आणि मला विचारल्याशिवाय माझ्या नावाने मेल पाठवू नका, एवढंच मागतोय मी, पैसे भरून. ज्या सोसायट्यांचे सचिव असले असिस्टंट वापरतात त्यांनी गेल्या दोन महिन्यांतल्या नोटिसा एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. आमच्या ऑक्टोबरच्या मेंटेनन्सची बिलं मी स्वतः बसून पाठवली, फाइलचं नाव इंग्रजीत ठेवून, रात्री साडेबारापर्यंत.

आपला,
एक मानद सचिव, ठाणे (पश्चिम)