टाकीत उपाशी मरणारे मासे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ओढ्यातले गावठी मासे घरच्या टाकीत पाळण्याबद्दलचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो आहे. दिवे, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडे यांवर रकाने भरले आहेत आणि खाण्याविषयी मात्र एकच ओळ: दुकानातले दाणे दोन वेळ टाका.

अहो, ओढ्यात वाढलेल्या माशाला ते दाणे खायचे असतात हे कळणार कसे? गोल्डफिशच्या कित्येक पिढ्या माणसाच्या हाताखाली गेल्या आहेत, त्याची गोष्ट वेगळी. आमच्याकडचा डोक मासा हलत्या भक्ष्यावर झडप घालतो. मुरे तळाच्या वाळूत तोंड खुपसून किडे वेचतात. वर तरंगणारे दाणे त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. वाम दिवसभर वाळूत दडून राहते आणि अंधार पडल्यावर खायला निघते.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाने भातखाचरातून एक लहान वाम आणि चार मुरे आणले. घरच्यांनी आधी पावाचा चुरा टाकला, मग दुकानातले दाणे. सगळे तळाशी कुजले, पाण्याला वास सुटला, दोन मुरे मेले आणि वाम सुतळीएवढी बारीक झाली. दुकानदाराने सांगून टाकले की गावठी मासे टाकीत जगतच नाहीत. मला त्याचा फार राग आला. मी मुलाला परसात, जिथे कधी औषध मारलेले नाही तिथे, गांडुळे खणायला लावली. ती धुतली, बारीक तुकडे केले आणि दिवा मालवल्यावर वाळूवर टाकले. थोड्या वेळाने वामेचे टोकदार नाक वर आले, तुकडा पकडला आणि आत गेले. उरलेल्या मुऱ्यांनीही खाल्ले. मग रोज तेच. अंगावर मांस आल्यावर तिला हळूहळू मेलेल्या अळ्यांची सवय लागली. दाण्यांना ती आजही तोंड लावत नाही.

लेखात एवढे तरी हवे होते: सुरुवात जिवंत खाद्याने करा, थोडेच टाका, उरलेले त्याच दिवशी काढा. डासांच्या अळ्या उत्तम, पण बादलीवर जाळी हवी आणि अळ्या वेळेत संपवायला हव्यात, नाहीतर घरात डेंग्यूला आमंत्रण. गटारात वाढलेले ट्यूबिफेक्स, म्हणजे ते बारीक लाल कृमी, नकोच. त्यातून रोग येतात. आणि हे रोज जमणार नसेल तर मासा ओढ्यातच राहू द्यावा.

त्यातून हा लेख छापला तो ऐन जूनच्या तोंडावर. पहिल्या पावसात वलगणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात, आणि आपण वाचकांना नेमके तेव्हाच जाळी घेऊन ओढ्यावर पाठवता! पोटात अंडी असलेली मासळी हौसेसाठी पकडणे मला तरी पाप वाटते.

शिवाय लेखाच्या वर छापलेला पट्ट्यापट्ट्यांचा मासा सह्याद्रीतला नाही. तो टायगर बार्ब, सुमात्रा-बोर्निओकडचा. आमच्या ओढ्यातल्या एकाही माशाचे छायाचित्र मिळू नये? पुढच्या रविवारी निदान तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, माणगाव (रायगड)